कॅल्शियम नॉर्मल, मग मनगट का मोडलं?

माझ्या आत्याचं लठ्ठपणावरचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. गॅस्ट्रिक बायपास. वजन उतरलं, इन्सुलिन सुटलं, जिना चढता येऊ लागला. गेल्या पावसाळ्यात गॅलरीत पाय घसरला, तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. घरच्यांचं म्हणणं एकच: ‘पडल्यावर मोडणारच. कॅल्शियम तर नॉर्मल आहे, गोळीही चालू आहे.’ असं म्हणून निश्चिंत होणारी घरं पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ते ‘नॉर्मल’ पाहू. रक्तातलं कॅल्शियम शरीर काही झालं तरी ढळू देत नाही, कारण हृदयाचे ठोके त्यावर चालतात. जेवणातून ते पुरेसं आलं नाही की गळ्यातल्या मसुराएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं संप्रेरक, म्हणजे पीटीएच, वाढवतात आणि हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतात. दागिने मोडून घर चालवणाऱ्याच्या ताटातही भाजी-भाकरी दिसतेच. आत्याचं कॅल्शियम ९.१ होतं, पीटीएच मात्र १२६. त्याची वरची मर्यादा साधारण ६५. ही तपासणी सहा वर्षांत पहिल्यांदाच झाली, आणि तीही हाड मोडल्यावर.

बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढे जातं. ड जीवनसत्त्वाच्या मदतीने कॅल्शियम ओढून घेण्याचं मुख्य काम नेमकं तिथलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी २०१५ साली मोजून दाखवलं की ऑपरेशनपूर्वी खाल्लेल्या कॅल्शियमपैकी सुमारे ३३ टक्के अंगी लागत होतं, सहा महिन्यांनी जेमतेम ७ टक्के. या रुग्णांचं ड जीवनसत्त्व मुद्दाम पुरेसं राखलं होतं, रोजचं कॅल्शियमही १२०० मिलिग्रॅम होतं. तरीही ही घसरण!

राहिली ‘चालू असलेली गोळी’. आत्याचा गोळ्यांचा डबा मी स्वतः उघडून पाहिला. सकाळच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि लोहाची गोळी शेजारीशेजारी. दोन्ही रिकाम्या पोटी, चहाबरोबर. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं, आणि बायपासनंतर उरलेल्या इवल्याशा जठरात ते नावापुरतंच असतं. कॅल्शियम लोहाची वाट अडवतं, चहा त्यात भर घालतो. सायट्रेटचं आम्लावाचून अडत नाही, म्हणून अशा रुग्णांना सहसा तेच सुचवतात: एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅम, बायपासनंतर दिवसाला एकूण १२०० ते १५००, लोहापासून दोन तास लांब. तेव्हा गोळी चालू होती हे खरं, पण अंगी लागत नव्हती.

‘वजन उतरलं की हाडही हलकं होणारच,’ असं काही जाणकारही म्हणतात. भार कमी झाला की हाड झिजतं, हे मान्य. पण वजन स्थिरावल्यावरही बायपासच्या रुग्णांची झीज थांबत नाही, त्याचं काय? स्लीव्हमध्ये, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याच्या ऑपरेशनमध्ये, ती कमी असते, पण चुकत नाही. आणि हे काही नवं ज्ञान नाही. अल्सरसाठी जठर कापलेल्यांची हाडं मऊ पडतात, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून नोंदलेलं आहे.

यावर दुसरं टोक गाठून ‘मग ऑपरेशनच नको’ म्हणणं मला साफ नामंजूर आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या पाहणीत ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. आत्याचं सुटलेलं इन्सुलिन मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं म्हणणं इतकंच की हाडांची देखरेख हा या ऑपरेशनचाच भाग आहे आणि ती जन्मभराची आहे. पुरेशी प्रथिनं, वजन पेलायचा व्यायाम, ठरावीक काळाने हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी हे सगळं टाके काढण्याइतकंच आवश्यक समजलं पाहिजे.

तुमच्या घरी असं ऑपरेशन झालेलं कुणी असेल, तर आजच गोळीचं वेष्टन उलटून कार्बोनेट आहे की सायट्रेट ते वाचा. पुढच्या तपासणीच्या चिठ्ठीवर कॅल्शियमच्या जोडीला पीटीएच आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांकडून लिहून घ्या.