चौऱ्याण्णवची अट



गेल्या रविवारी वंदना झाल्यावर एक ताई विहारातच थांबल्या. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेले कागद काढून म्हणाल्या, "भाऊ, एवढं वाचून सांगा. बुधवारपर्यंत सही पाहिजे म्हणतोय आमचा दादा." कागद म्हणजे हक्कसोडपत्राचा मसुदा होता. गावाकडे चार एकर वडिलोपार्जित जमीन. आई आधी वारली, वडील २००१ साली गेले. मागे हा एक भाऊ आणि ही एक बहीण. वाटणी अजून झालेली नाही. भावाने त्यांना सांगितले होते की, "तुझं लग्न एक्याण्णवचं. चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालेल्या मुलीला हिस्सा नाही, असा कायदाच आहे. सही आपली रीत म्हणून करायची."

मी त्यांना एकच विचारले, "ताई, हिस्साच नसेल तर तो सोडल्याची सही कशाला लागते?"

त्या गप्प बसल्या. पण भाऊ सगळेच मनाचे सांगत नव्हता, हेही मला त्यांना सांगावे लागले. अशी अट महाराष्ट्राच्या कायद्यात खरोखरच होती. ती कुठून आली आणि कशी गेली, हे आपल्या घराघरात माहीत असायला हवे, म्हणून आजचे सदर त्यावरच.

कायदे विधानसभेत हात वर करून होतात असे आपण समजतो. पण त्याच्या आधी पुष्कळदा विधेयक एखाद्या समितीपुढे जाते आणि तिथे कलमा-कलमावर, शब्दा-शब्दावर खल होतो. मुलीच्या हिश्श्याची गोष्ट अशीच समित्यांमधून फिरत आली आहे. हिंदू कायद्याचा मसुदा करायला सर बी. एन. राव यांची समिती होती. तिचे एक सभासद आपल्या पुण्याचे, लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे. १९४५ च्या सुरुवातीला ही समिती गावोगाव साक्षी घेत फिरली, पुण्यातही बसली. तिच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा होता. त्या काळी तेवढ्यावरसुद्धा सनातन्यांनी आकाशपाताळ एक केले होते.

१९४८ च्या एप्रिलमध्ये हे विधेयक प्रवर समितीकडे गेले. अध्यक्ष होते कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या समितीने 'निम्मा' हा शब्द काढला आणि मुलीचा हिस्सा मुलाइतका केला. मुलग्याला जन्मानेच मिळणारा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्कही त्या विधेयकात राहणार नव्हता. पुढे काय झाले ते आपल्याला पाठ आहे. चार कलमे मंजूर झाली आणि विधेयक बाजूला पडले. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे आणखीही होती, पण हे दुःख त्यांनी कधी लपवले नाही.

१९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना अजून माहीत नसते. त्यात मुलीला हिस्सा आला, पण मुलग्याचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला. आता मी पडलो हिशोबाचा माणूस, तेव्हा या ताईंच्या चार एकरांवरच हिशोब मांडतो. ५६ च्या कायद्याने आधी बाप-लेकाची वाटणी धरायची. दोन एकर मुलाचे, दोन बापाचे. मग बापाच्या दोन एकरांत मुलगा आणि मुलगी सारखे. म्हणजे मुलाला एकूण तीन एकर, मुलीला एक. कागदावर समान, शेतात तिप्पट! मी बी. कॉम.ला असताना भागीदारीची गणिते सोडवली, पण असा ताळेबंद पाहिला नव्हता.

ही चूक दुरुस्त करायला राज्ये पुढे आली. आंध्र प्रदेशाने १९८६ साली, तामिळनाडूने १९८९ साली मुलीला मुलाप्रमाणे जन्मापासून हक्क दिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून दिला. चांगलेच झाले. पण या सगळ्या कायद्यांत एक ओळ होती की, कायदा लागू होण्यापूर्वी लग्न झालेल्या मुलीला हा हक्क नाही. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी, थोरलीचे लग्न मे ९४ चे, धाकटीचे जुलै ९४ चे. धाकटी हक्कदार, थोरली परकी. थोरलीने काय गुन्हा केला? वडिलांना उन्हाळ्यातली तारीख सोयीची पडली एवढाच. ही ओळ लिहिताना, लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांच्या वतीने टेबलापलीकडे कोणी बसले असते तर ती अशी उतरली असती का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

ही ओळ पुढे गेली. २००४ च्या डिसेंबरमध्ये केंद्राचे दुरुस्ती विधेयक संसदेत आले, ते स्थायी समितीकडे गेले. या वेळी स्त्री संघटना आणि अभ्यासक गप्प राहिले नाहीत, त्यांनी लेखी म्हणणे मांडले. ९ सप्टेंबर २००५ पासून कायदा लागू झाला तेव्हा त्यात लग्नाच्या तारखेची अट नव्हती. मुलगी ती मुलगी, लग्न कधीचेही असो. तरी कोर्टात एक खोडा राहिलाच. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने म्हटले की, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असले पाहिजेत. तोही ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्याच्या निकालाने सुटला. हक्क जन्माने मिळतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, असे तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदलेली किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी उकरून काढता येत नाही.

म्हणजे या ताईंचा हिशोब असा: चार एकरांत दोन भावाचे, दोन त्यांचे. आणि भाऊ म्हणतो ती चौऱ्याण्णवची अट आजही असती, तरी ५६ च्या कायद्याचा एक एकर त्यांचा होताच. हिस्सा शून्य कधीच नव्हता.

कोणी म्हणेल, समितीच्या या गोष्टी दिल्लीच्या, आपला काय संबंध? तर मुंबईचेच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२० मध्ये स्त्रिया व मुलांवरील अत्याचारांबाबतची दोन शक्ती विधेयके विधिमंडळात आली, एक शिक्षांचे आणि एक खास न्यायालयांचे. ती दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेली. समितीने स्त्री संघटनांचे, वकिलांचे ऐकले. तपासाची पंधरा दिवसांची मुदत तिथे तीस दिवस झाली. शिक्षांचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर होऊनही त्याचा कायदा झाला नाही, राष्ट्रपतींच्या संमतीवाचून ते अडले. ते विधेयक चांगले की वाईट, हा वाद निराळा. पण वर्षभर ते दार उघडे होते. आपल्या किती महिला मंडळांनी त्या समितीला एक पोस्टकार्ड टाकले? मी ज्या तीन मंडळांत जातो तिथे विचारले, एकानेही नाही. मीही नाही, हे कबूल करतो. जयंतीच्या वर्गणीचे पावती पुस्तक मात्र आमच्याकडे वेळेवर छापून येते.

आणि एक बोलायचे राहते, कडू आहे. बाबासाहेबांनी समितीत बसून मुलीला बरोबरीचा हिस्सा लिहिला. त्यांचाच फोटो भिंतीवर असलेल्या खोलीत आपण बहिणीकडून हक्कसोडावर सही घेतो. "माहेर तुटेल" या भीतीने ती करते. साडी-चोळी मिळते, दोन एकर जातात.

ज्यांच्यापुढे असा कागद आला असेल त्यांनी एवढे करावे. मुदत मागून घ्यावी. ताजा सात-बारा आणि फेरफाराची नक्कल काढावी, वडिलांच्या मागे वारस म्हणून कोणाची नावे लागली ते पाहावे. तलाठ्याची नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नये. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा.

ताईंनी सगळे ऐकले. म्हणाल्या, "दादाला कोर्टात नाही ओढायचं मला. त्याचीही मुलगी आहे लग्नाची." मग थोड्या वेळाने, "पण सात-बारा काढते." बुधवारी त्यांनी सही केली नाही. भावाला फोन करून सांगितले की, पुढच्या रविवारी मी गावी येते, जेवायलाच थांबते, तेव्हा बोलू. जाताना या हिशोबाचा कागद माझ्याकडून लिहून नेला आहे, चार एकरांचा, दोन रकान्यांत.