एकटी माता आणि परगाव

मनुष्य गाव बदलतो तेव्हा तो केवळ सामानसुमान हलवीत नाही; आपली ओळखही त्याला नव्या ठिकाणी नव्याने मांडावी लागते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्यासारख्यांना या मांडणीचा भार सहसा जाणवत नाही. बदलीच्या गावी कोणी आत्याचे दीर असतात, कोणी मामांचे शाळासोबती असतात. ते स्टेशनावर उतरवून घेतात, पहिले चार दिवस जेवूखाऊ घालतात, घर पाहून देतात, दूधवाला ठरवून देतात. महिन्याभराने आपण पत्रात लिहितो की गाव मोठे चांगले आहे. वस्तुतः गाव कसे आहे हे आपण पाहिलेलेच नसते. आपण अनुभवलेले असते ते आपल्या आडनावाचे वजन.

आज आम्ही जिचा विचार करणार आहोत तिच्या पाठीशी असे वजन नाही. ती शिकलेली आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे. शाळेत शिक्षिका असेल, इस्पितळात परिचारिका असेल, बँकेत काम करीत असेल. तिच्याबरोबर पाचसहा वर्षांचे मूल आहे आणि नवरा नाही. तो वारला असेल, सोडून गेला असेल, वा तिनेच त्याला सोडले असेल. शिवाय ती ज्या समाजात जन्मली त्याचे नाव ऐकताच घरमालकाच्या मुद्रेत फरक पडतो. अशी एखादी दलित भगिनी डहाणूस किंवा तलासरीस बदलून आली, तर तिने राहावे कोठे? कोणता शेजार आपला होईल हे तिने कशावरून ओळखावे? आणि तो शेजार आपणच असलो तर?

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुके. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. मुंबईची उपनगरी गाडी एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत धावू लागली. तलासरी मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर आहे. समुद्रकाठी मांगेला व माच्छी यांची वस्ती, घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या आणि त्यांचे पारशी-इराणी बागाईतदार, बाजारात गुजराती बोलणारे व्यापारी, आणि पूर्वेच्या डोंगरपट्टीत वारली, धोडिया, दुबळा यांचे पाडे. २०११ च्या शिरगणतीत तलासरी तालुक्यात शेकडा नव्वदांच्या आसपास आणि डहाणूत शेकडा सत्तरांच्या आसपास लोक आदिवासी होते. तेव्हा 'डहाणू कसे आहे?' या प्रश्नास एक उत्तर नाही. एका गावाच्या पोटात येथे चारपाच गावे नांदतात, आणि प्रत्येकाचे दार निरनिराळ्या रीतीने उघडते.

दार कोठे उघडेल हे आधी कळावे ही गरज केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत काळ्या वर्णाच्या लोकांना प्रवासात कोठे उतरता येईल, कोठे अन्न मिळेल, हे सांगणारी एक मार्गदर्शिका न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ साली काढली. 'ग्रीन बुक' या नावाने ती सुमारे तीस वर्षे निघत राहिली. तिच्यात हॉटेलांची नावे होतीच. परंतु पुष्कळ गावी हॉटेल नसे, तेथे एखाद्या गृहस्थाचे किंवा गृहिणीचे खासगी घरच दिलेले असे. हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. अशा वाटसरूला सबंध गाव अनुकूल नसले तरी एक घर पुरत असे.

आणि जेथे तेवढे एक घरही नसेल तेथे काय होते? १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी सरायीत पारशी नाव सांगून ते उतरले. जात उघड होताच काठ्या घेतलेला जमाव दारी आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. ज्या मित्रांकडे आसरा मागितला त्यांनी सबबी सांगितल्या. त्या जमावाइतकेच दोषी ते सबबी सांगणारे सुशिक्षित मित्र होते असे आम्ही समजतो. आपल्या वर्गातील माणसे काठी घेऊन सहसा येत नाहीत. आपण सबबी सांगतो. 'वरची खोली भाच्यासाठी ठेवली आहे', 'आमच्याकडे सोवळेओवळे फार', 'आईंना चालणार नाही' ही त्यांतील नेहमीची वाक्ये.

आता याच डहाणू तालुक्यातील एक निराळे उदाहरण पाहू. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा. घर प्रार्थनासमाजी, मातोश्री पुनर्विवाहिता. १९२१ साली त्या पतीपासून विभक्त झाल्या. मुलगी लहान होती. पुढे राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले, आणि १९२३ साली ती मानाची जागा सोडून भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराच्या कार्यात सामील झाल्या. प्रांत परका, भाषा गुजराती. नातलगांचे बळ तेथे नव्हते. परंतु आईचे काम आणि बालकांचे शिक्षण एकाच अंगणात होते. एकट्या मातेने गाव निवडताना पहिली कसोटी हीच लावावी असे आम्हांस वाटते: जेथे पोटाचा उद्योग आणि पोटचे मूल एकमेकांच्या आड येत नाहीत, ते ठिकाण अर्धे आपले झालेच.

१९४५ साली ताराबाई बोर्डीस आल्या. त्यांच्यासमवेत अनुताई वाघ होत्या. त्यांना बालवयातच वैधव्य आले होते. हरिजन व आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. 'आमचे दार उघडे आहे, ज्याला यावयाचे त्याने यावे' एवढे म्हटल्याने स्वागत होत नाही. जो येण्यास कचरतो त्याच्या उंबरठ्यापर्यंत आपण जावे लागते. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. या दोघी एकट्या होत्या, तरी त्यांचे आडनाव विचारून कोणी त्यांना दारातून परतविले नसते. आमच्या दलित भगिनीचे ओझे दुहेरी आहे.

एकट्या स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी मात्र सर्वत्र आपल्यासारखी आहे असे नव्हे. वारली समाजात विधवेने वा विभक्त स्त्रीने पुन्हा घर मांडणे पूर्वीपासून रूढ आहे. लग्न लावण्याचा मानही तेथे धवलेरी या स्त्रीकडे असतो. आपल्या समाजसुधारकांनी ज्या प्रश्नासाठी पिढ्या खर्ची घातल्या, तो त्या पाड्यांवर प्रश्नच नव्हता. परंतु पाड्याचा विश्वास मिळविण्यास वेळ लागतो, आणि त्यास कारण आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी तेथे नवराबायको दोघेही सावकाराच्या दारी राबत. त्यांस लग्नगडी म्हणत. या वेठीविरुद्ध मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड व आणखी चौघे बळी पडले. या चळवळीत पुढे असलेल्या गोदावरी परुळेकर पुण्याच्या सुखवस्तू घरातील होत्या. त्या वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, त्यांचेच अन्न जेवल्या, तेव्हा त्या परक्या उरल्या नाहीत. सारांश, नव्याने येणारीनेही पाड्यावर आपला अधिकारीपणा बाहेर ठेवून गेले पाहिजे.

आता काही व्यवहाराच्या खुणा. घर ठरविण्यापूर्वी आपली जात आणि नवरा नसल्याची गोष्ट आपणच स्पष्ट सांगावी. लपवावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि लपविणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. परंतु लपवून मिळालेले घर उसने असते. अनामत दिल्यावर आलेला नकार हा आधीच्या नकाराहून महाग पडतो. दुसरे असे की, संध्याकाळी त्या आळीत अर्धा तास उभे राहावे. मुले कोणाच्या ओट्यावर खेळतात, तहान लागली तर कोणत्या भांड्यातून पाणी पितात, हे पाहावे. गाडी चुकून रात्र झाली तर मुलाला जेवू घालून निजवील असे एक घर दिसते काय? ते दिसल्यास घराच्या इतर गैरसोयी सोसाव्यात; न दिसल्यास स्वयंपाकघर कितीही प्रशस्त असले तरी पुढे जावे.

शाळा मधल्या सुटीत पाहावी. डबे उघडतात तेव्हा कोण कोणाजवळ बसतो हे तेथे दिसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे, जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली पित्याच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरू शकते असा निर्णय दिला आहे. तेव्हा 'वडिलांना घेऊन या' असे कोणी म्हटल्यास तिने शांतपणे, पण ठामपणे, 'पालक मीच आहे' असे सांगावे.

या भागास नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांचा उपद्रव झाला. धुंदलवाडीच्या बाजूस भीतीने लोक घराबाहेर निजले. म्हणून भिंतींचे तडे पाहावेत, आणि मध्यरात्री मुलाला उचलण्यास कोण धावेल याचाही अंदाज घ्यावा. जागा विकत घेण्याची घाई करू नये. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीस शासनाच्या परवानगीवाचून घेता येत नाही, हे ठाऊक नसल्यास दलालाकडून फसगत व्हावयाची. प्रथम अकरा महिने भाड्याने राहावे. गाव आपल्याला पारखीत असते. आपणही गावास पारखावे, आणि निघून जाण्याची वाट मोकळी ठेवावी.

हे सर्व तिच्यासाठी झाले. परंतु गाव ही काही आयती मिळणारी वस्तू नव्हे. ते आपल्याच घरांचे बनलेले असते. आपल्या वाड्यात एखादी खोली रिकामी असेल, आपल्या सूनबाईच्या शाळेत ती रुजू होणार असेल, आपल्या नातवाच्या वर्गात तिचे मूल येऊन बसणार असेल. घरातील वडील मंडळींना अडचण वाटेल हे आम्ही जाणतो. वयोवृद्धांशी वाद घालून त्यांची मने दुखवावीत असे आम्ही सांगत नाही. त्यांच्या मांडीवर ते मूल एकदा बसू द्यावे. कोणत्याही युक्तिवादाहून त्याचा परिणाम लवकर होतो. त्या स्त्रीला पहिला प्रश्न 'आपण कोण?' असा न विचारता 'मुलाचे नाव काय?' असा विचारावा.

आणि एक गोष्ट आमच्या भगिनींना मुद्दाम सांगावयाची आहे. चैत्रात आपल्या घरी हळदीकुंकू होईल, आंब्याची डाळ वाटली जाईल, पन्हे ढवळले जाईल. बोलावण्यांची यादी करताना ज्या स्त्रीचे नाव जिभेवर येऊन थांबते, ते आधी लिहावे. आणि ती आली म्हणजे तिच्या हाती तेच भांडे द्यावे, ज्यातून आपली जाऊ पन्हे पिते.