वालाच्या मुळांची पारख

आमच्या मोहन्यासारख्या ठाणे जिल्ह्यातील गावांत भातकापणीनंतर जमिनीच्या ओलीवर वाल पेरण्याची जुनी रीत आहे. बिरडे आपण आवडीने खातो. त्या वालाची मुळे मित्र-शत्रू कसे ओळखतात, तेही पाहू या.

बुरशीच्या भिंतीत कायटिन असते. त्याचा अंश लागताच मुळांच्या पेशी सावध होऊन आपल्या भिंती भक्कम करतात. रायझोबियम जिवाणूचा संकेतही कायटिनशी मिळताजुळता. तरी पेशी फरक ओळखतात आणि त्याला गाठीत जागा देतात. तो हवेतला नत्र रोपाला पुरवतो, रोप त्याला अन्न देते.

युरिया जास्त पडला, की गाठी कमी धरतात. म्हणून युरिया टाकण्याआधी एक रोप उपटून गाठ कापावी. आत गुलाबी दिसली, तर मित्र कामावर आहे. खताचा खर्च वाचवावा.