आभासी चलनाची किल्ली कोणाच्या हाती?

इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटमध्ये क्रिप्टो चलन ठेवले की ते निर्धोक, असा समज आपल्याकडे रूढ होऊ पाहत आहे. पुण्यातील ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण नजरेसमोर ठेवले, तर या समजाच्या मर्यादा ध्यानात येतात. या गुंतवणूक योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी 2018 मध्ये अटक केली. तपासाच्या मदतीला तांत्रिक तज्ज्ञ घेण्यात आले. मार्च 2022 मध्ये त्यांपैकीच दोघांना पोलिसांनी अटक केली. एक तर भारतीय पोलीस सेवेतील माजी अधिकारी. तपासात हाती आलेले बिटकॉइन परस्पर वळविल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. पुढे या घोटाळ्याचा तपास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेला.

येथे एक तांत्रिक बाब समजून घेणे अगत्याचे आहे. पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या त्या उपकरणात नाणी नसतातच. त्यांची नोंद ब्लॉकचेनवर असते. उपकरणात असते ती केवळ खासगी किल्ली आणि तिची प्रतिकृती असते 12 किंवा 24 इंग्रजी शब्दांत. ते शब्द ज्याच्याजवळ, मालकी त्याची! त्यामुळे उपकरण पंचनाम्यात लिहून लाखेने सीलबंद केले, तरी मुद्देमाल जप्त झाला असे म्हणता येत नाही. शब्दांची चिठ्ठी बाळगणारा कोणीही तो अन्यत्र बसून हलवू शकतो. जप्तीच्या क्षणीच रक्कम शासकीय वॉलेटमध्ये वळती करणे आणि त्याच्या किल्ल्या एकाहून अधिक अधिकाऱ्यांकडे विभागून ठेवणे, हाच त्यावर व्यवहार्य उपाय दिसतो. गुंतवणूकदारांना काही परत मिळायचे असेल, तर ते याच मुद्देमालातून.

अर्थात, अनेक किल्ल्या म्हणजे अभय नव्हे. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या बाजारमंचावरून सुमारे 23 कोटी डॉलरची मालमत्ता लुटली गेली, ती अशाच बहुस्वाक्षरी वॉलेटमधून. स्वाक्षरी करणारे हार्डवेअर वॉलेटच वापरत होते. परंतु पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष मंजूर झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे कंपनीचे प्राथमिक निवेदन सांगते.

मिरजगावच्या शेतकऱ्याचा सातबारा हरवला, तर दुसरा उतारा निघतो. पासबुक गहाळ झाले, तर बँक नवे देते. या 24 शब्दांना दुय्यम प्रत देणारे कार्यालय नाही. खातेदार अचानक दगावला आणि चिठ्ठी कोठे आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसले, तर वारस दाखला हाती असूनही वारसांना त्या रकमेला हात लावता येणार नाही.