विश्लेषण : समाजमाध्यमावरील बिऱ्हाड हलवणे इतके अवघड का?

सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने (आता ‘एक्स’) २०१९ मध्ये निलंबित केले. त्यावर नाराज झालेल्या अनेक भारतीयांनी त्या नोव्हेंबरमध्ये ‘मॅस्टोडॉन’वर खाती उघडली. पण हा ओघ लवकरच आटला. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर ताब्यात घेतल्यावर जगभरात हेच घडले. असे का होते?

मॅस्टोडॉन वेगळे कसे?

जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन सुरू केले. त्याचा कुणी एक मालक नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर व्यक्ती, संस्था किंवा गट चालवतात आणि प्रत्येकाचे नियम वेगळे असतात. जीमेलवरून याहूला ईमेल जातो, तसेच एका सर्व्हरवरील व्यक्ती दुसऱ्या सर्व्हरवरील व्यक्तीशी बोलू शकते. त्यासाठीच्या ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ या सामायिक नियमावलीला वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली.

सोबत काय नेता येते?

मोबाइल कंपनी बदलली तरी आपला क्रमांक कायम राहतो. बहुतेक समाजमाध्यम कंपन्यांकडे अशी सोय नाही. एक्सवरील जुन्या मजकुराची प्रत उतरवून घेता येते, पण अनुयायी तिथेच राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये तर ट्विटरने मॅस्टोडॉनसह इतर माध्यमांवरील आपल्या खात्याचा दुवा देण्यावरच बंदी घातली. टीका झाल्यावर ती लगेच मागे घ्यावी लागली. मॅस्टोडॉनच्या एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना मात्र अनुयायी सोबत नेता येतात. जुन्या पोस्ट मागे राहतात, हा तिथलाही तोटा आहे.

मग लोक टिकत का नाहीत?

मॅस्टोडॉनचे मासिक सक्रिय वापरकर्ते ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे ३ लाख होते. नोव्हेंबरमध्ये ते २५ लाखांवर गेले. पुढच्या काही महिन्यांत त्यांतले बरेच जण निष्क्रिय झाले. कोणता सर्व्हर निवडायचा, इथपासूनच अडचण सुरू होते. ती ओलांडली तरी समोरचे पान रिकामे दिसते, कारण ओळखीचे लोक तिथे नसतात. खरी मेख इथे आहे. खाते एकट्याचे असते, समूह मात्र सर्वांचा असतो. एकेकटे गेलेले लोक कंटाळून परततात. ठरवून, एकत्र गेलेला गट टिकण्याची शक्यता अधिक असते.

खर्च आणि जबाबदारी कुणाची?

कंपनी जाहिरातींतून पैसे मिळवते आणि आक्षेपार्ह मजकूर हटवण्यासाठी माणसे नेमते. विकेंद्रित व्यवस्थेत ही कामे बहुधा स्वयंसेवक करतात आणि खर्च देणग्यांतून भागतो. चालक थकला की सर्व्हर बंद पडू शकतो. ‘मॅस्टोडॉन डॉट लोल’ हा सर्व्हर २०२३ मध्ये असाच बंद झाला. पण वापरकर्त्यांना आधी सूचना मिळाली होती आणि अनुयायांसह दुसरीकडे जाण्याचा मार्ग खुला होता. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा अनुयायांना असे सोबत नेण्याची सोय नव्हती. म्हणजे देशी पर्याय आणि विकेंद्रित पर्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समूहाने काय करावे?

स्थलांतराआधी सदस्यांची संमती घेऊन ईमेल यादी तयार ठेवावी. महत्त्वाच्या मजकुराची प्रत काढावी. काही महिने दोन्हीकडे वावर ठेवावा. सर्व्हरचा खर्च कोण देणार आणि वाद कोण मिटवणार, हे आधीच ठरवावे. तंत्रज्ञान फक्त बाहेर पडण्याचे दार उघडे ठेवते. नव्या घराचा देखभाल खर्च आणि देखरेख समूहालाच पाहावी लागते. ती तयारी नसेल, तर लोक पुन्हा जुन्याच घरी परततील.