आधार मोबाइलवर, जबाबदारी नाशिकची

समलिंगी आकर्षण किंवा जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगाशी न जुळणारी ओळख ही मोबाइलने लावलेली खोड आहे, असे विधान पालकसभांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत इतक्या बिनदिक्कतपणे केले जाते की, त्याला पुरावा मागण्याची कोणाला गरजच वाटत नाही. त्या विधानातून जी मागणी निघते ती अधिक घातक असते : मुलाच्या हातातला फोन काढून घ्या, म्हणजे सारे ताळ्यावर येईल. प्रस्तुत पत्रकाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. एलजीबीटी व्यक्ती, म्हणजे स्त्रियांकडे आकर्षित होणाऱ्या स्त्रिया, पुरुषांकडे आकर्षित होणारे पुरुष, दोहोंकडे आकर्षित होणारे उभयलिंगी आणि जन्मवेळच्या नोंदीपेक्षा वेगळी लिंगओळख असणारे पारलिंगी, यांना जो आधार घराने, शाळेने, दवाखान्याने आणि पोलीस ठाण्याने द्यायला हवा होता, तो आज बव्हंशी समाजमाध्यमे देत आहेत. तो आधार खरा आहे आणि त्याने कायदा बदलण्याच्या कामालाही हातभार लावला आहे. परंतु तो परक्याच्या जागेत उभा आहे आणि त्याच्या रक्षणाचा भार ज्यांना तो सर्वांत कमी पेलतो त्यांच्याच खांद्यावर टाकण्यात आला आहे.

मोबाइल येण्यापूर्वी मराठी माणसाला हे प्रश्न पडत नव्हते, हा समज मराठी नियतकालिकांच्या इतिहासापुढे टिकत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलेले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलेले 'समाजस्वास्थ्य' हे मासिक लैंगिक जीवनाविषयी वाचकांनी टपालाने पाठवलेल्या प्रश्नांना छापील उत्तरे देत असे, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय येत असे. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला; त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरीही निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. बंद पाकिटातून प्रश्न पाठवणारा तो वाचक आणि आज टोपणनावाने खाते उघडून तोच प्रश्न विचारणारा सिडकोतला किंवा सातपूरचा तरुण यांच्यात मुख्य फरक आहे तो उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचा. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे एका तरुणीच्या समलिंगी प्रेमावरील नाटक १९८१ मध्ये आले आणि 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी व्यक्तींसाठीचे नियतकालिक मुंबईत १९९० मध्ये निघू लागले. त्या काळी नाशिकमध्ये घरचा साधा दूरध्वनी मिळवायलाही नंबर लावून वाट पाहावी लागत असे, हे मोबाइलला दोष देणाऱ्यांनी विचारात घ्यावे.

नाशिक जिल्ह्याच्या बाबतीत भूगोलही महत्त्वाचा आहे. या क्षेत्रातील जुन्या संस्था मुंबई आणि पुणे येथे उभ्या राहिल्या : हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये मुंबईत, बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये पुण्यात. सुरगाणा वा पेठ तालुक्यातील पाड्यावरच्या मुलीला किंवा मालेगावात यंत्रमागावर पाळी करणाऱ्या कामगाराला पुण्याला समुपदेशनासाठी जायचे म्हटले, तर गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि मुख्य म्हणजे घरी सांगण्याजोगे कारण या तिन्हींची सोय करावी लागते. त्यातले तिसरे बहुधा सापडतच नाही. खिरे यांच्यासारख्यांनी हा विषय मराठीत, तोही घरातल्या माणसाला कळेल अशा भाषेत मांडला, हे काम मोठे होते, पण पुस्तक घरात आणणे म्हणजे ते लपवण्याची जागाही शोधणे होय. फोनच्या पडद्यावर तोच मजकूर वाचता येतो, पुसता येतो आणि लिहिणाऱ्याला नाव न सांगता उलट प्रश्नही करता येतो. जगात आपण एकटेच असे आहोत, या समजुतीतून बाहेर पडण्याची पहिली पायरी अनेकांच्या बाबतीत हीच असते.

या माध्यमाने केवळ वाचक घडवले असेही नाही. ज्या येवल्यात १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, त्याच येवल्यात भटक्या समाजात जन्मलेल्या पारलिंगी कवयित्री दिशा पिंकी शेख यांचे लेखन फेसबुकमुळे महाराष्ट्रभर पोहोचले. पुढे 'कुरूप' हा त्यांचा कवितासंग्रह आला आणि २०१९ मध्ये एका राजकीय पक्षाने त्यांना राज्य प्रवक्तेपद दिले. नियतकालिकाच्या संपादकाकडे कविता पाठवून उत्तराची वाट पाहण्याच्या जुन्या रीतीने हा प्रवास इतक्या लवकर झाला असता असे मानणे कठीण आहे. मराठी साहित्यव्यवहाराच्या उंबरठ्यावर कोणाला किती काळ ताटकळत ठेवले जाते, हे नाशिकसारख्या साहित्यप्रेमी शहराला वेगळे सांगायला नको.

कायद्याच्या लढाईतही समाजमाध्यमांचा वाटा नोंदवण्याजोगा आहे. दंडसंहितेतील कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना लागू होणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी सांगितले, तर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांत, १५ डिसेंबर रोजी, भारतातील आणि परदेशांतील अनेक शहरांत एकाच वेळी निदर्शने झाली, आणि त्यांची हाक प्रामुख्याने फेसबुकवरून दिली गेली होती. एरवी एवढ्या मुदतीत पत्रके छापूनही झाली नसती. पुढे २०१८ मध्ये आयआयटींच्या आजी-माजी एलजीबीटी विद्यार्थ्यांच्या 'प्रवृत्ती' नावाच्या गटातील वीस जणांनी स्वतःच्या नावानिशी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. हा गट मुळात आंतरजालावरील परस्परसंपर्कातून जमलेला होता. न्यायालयात समलिंगी नागरिक स्वतः अर्जदार म्हणून उभे राहिले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले.

पारलिंगी व्यक्तींविषयीच्या विधेयकाची हकिगत अधिक बोलकी आहे. लोकसभेने १७ डिसेंबर २०१८ रोजी संमत केलेल्या मसुद्यात, पारलिंगी व्यक्तीला भीक मागायला लावणे गुन्हा ठरवण्याच्या निमित्ताने त्या समाजाच्या उपजीविकेवरच घाव घालू शकेल असे कलम होते आणि ओळखीचा दाखला देण्यापूर्वी व्यक्तीची छाननी करणारी जिल्हास्तरीय समितीही होती. मसुद्यातील एकेक कलम सोप्या भाषेत उलगडणाऱ्या चित्रफिती आणि हॅशटॅग, म्हणजे एका विषयावरचा मजकूर एकत्र सापडावा म्हणून शब्दापुढे जोडलेली खूण, यांच्या साहाय्याने या मसुद्याला होणारा विरोध दिल्लीबाहेर पोहोचला, आणि २०१९ च्या विधेयकात या दोन्ही तरतुदी राहिल्या नाहीत. याचे सारे श्रेय समाजमाध्यमांना देणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण पोलिसांच्या कड्यासमोर रस्त्यावर बसलेली माणसे हाडामांसाची होती. जूनच्या 'प्राइड' महिन्यात खात्याचे चित्र इंद्रधनुषी करून जुलैत ते बदलणाऱ्या समर्थकांनी, आणि तसेच करणाऱ्या कंपन्यांनी तर विशेषच, हा फरक समजून घ्यावा.

ऑनलाइन जगातले अन्याय काल्पनिक असतात, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्या पोलीस भरतीचे उदाहरण पुरेसे आहे. २०२२ च्या शिपाई भरतीचा अर्ज संकेतस्थळावर भरताना लिंगाच्या रकान्यात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते, आणि पर्याय निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, ही अशा प्रणालीची रीतच असते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय ठेवण्याचा आदेश दिला. राज्य शासन त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि तेथे न्यायालयाच्या कानउघाडणीनंतर डिसेंबर २०२२ मध्ये तो रकाना उघडला. एका रकान्यासाठी दोन न्यायपीठे लागली, तीही सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींची ओळख १५ एप्रिल २०१४ रोजीच मान्य केली असताना. राज्याच्या उपनिरीक्षकांना घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी नाशिकमध्येच आहे, म्हणून या प्रकरणाशी नाशिकचा संबंध नाही असे म्हणता येणार नाही.

समाजमाध्यमांच्या मर्यादा लपवून त्यांची बाजू घेणे हे या पत्रकाचे काम नव्हे. ही माध्यमे म्हणजे भाड्याची खोली आहे आणि घरमालक कधीही कुलूप बदलू शकतो. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा इंग्रजी न येणाऱ्या, शहराबाहेरच्या असंख्य पारलिंगी आणि समलिंगी कलावंतांचा जमलेला प्रेक्षक एका दिवसात नाहीसा झाला. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती, पण ती झळ कोणाला लागली याचा हिशेब कोणी मांडला नाही. ७ जानेवारी २०२५ रोजी फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीने आपले नियम सैल केले आणि लैंगिक कलावरून वा लिंगओळखीवरून एखाद्याला मनोरुग्ण म्हणण्यास मुभा दिली. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच वगळली आहे, परंतु कॅलिफोर्नियातील एका कंपनीच्या नियमपुस्तिकेपुढे त्या निर्णयाचे चालले नाही. आपल्याकडच्या शिव्या तर त्या कंपनीच्या यंत्रणेला कळतही नाहीत : शब्द सरळ लिहिला तर पकडला जाईल म्हणून मुलाच्या चित्रफितीखाली नुसता सहाचा आकडा किंवा मिठाईचे चित्र टाकले जाते, वर्गातल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो आणि तक्रार केली की नियमभंग आढळला नाही असे छापील उत्तर येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये उज्जैनमध्ये रंगभूषेच्या चित्रफिती करणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्याच्या साडीतील चित्रफितीखाली द्वेषपूर्ण प्रतिक्रियांचा खच पडला होता.

याहून अधिक झाकले जाणारे प्रकरण खंडणीचे आहे. ओळखी जुळवणाऱ्या अॅपवर दुसऱ्याच कोणाचे छायाचित्र लावून खाते उघडले जाते, चार दिवस गोड बोलणे होते, एखाद्या रिकाम्या खोलीचा पत्ता येतो आणि तेथे एकाऐवजी चौघे निघतात. मारहाण करून चित्रीकरण केले जाते, फोन बळी पडलेल्याच्याच बोटाने उघडून यूपीआयने खाते रिकामे केले जाते, आणि पोलिसांत गेलास तर हे चित्रीकरण बापाला पाठवू, अशी धमकी दिली जाते. संमतीविना एखाद्याची ओळख इतरांपुढे उघड करण्याला 'आउटिंग' म्हणतात. या गुन्ह्याचे हत्यार तेच आहे आणि त्या हत्याराला धार समाजाने लावलेली आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ खंडणीला आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ई खासगी चित्रणाला लागू होते. मात्र १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या या संहितेत जुन्या कलम ३७७ चा उरलेला, म्हणजे बळजबरीला शिक्षा देणारा भागही ठेवला गेला नाही; परिणामी अशा खोलीत एखाद्या पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला, तर त्यासाठी बलात्काराचे कलम नाही. तक्रार नोंदवायला आलेल्याला 'तू तिथे गेलासच कशाला' असा पहिला प्रश्न केला जात असेल, तर टोळीचा निम्मा धंदा ठाण्यातच होतो, असे म्हणावे लागते.

म्हणून मागणी फोन काढून घेण्याची नव्हे, संस्थांनी आपापले काम करण्याची आहे. नाशिक शहर आणि ग्रामीण पोलिसांच्या सायबर विभागांनी अशा तक्रारी गोपनीय ठेवण्याची लेखी हमी जाहीर करावी आणि फिर्यादीच्या घरी फोन करण्याची सवय सोडावी. पोलीस अकादमीने हा विषय एखाद्या व्याख्यानापुरता न ठेवता तपासाच्या प्रशिक्षणात घ्यावा. २०२७ च्या सिंहस्थाच्या बंदोबस्ताची तयारी करताना, ज्या किन्नर आखाड्याने २०१६ मध्ये उज्जैनच्या सिंहस्थात भाग घेतला होता त्यासारख्या समूहांतील भाविकांशी कसे वागावे, हेही ठरवून घ्यावे. महाविद्यालयांना तर नव्या नियमाची वाट पाहण्याचे कारणच नाही : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्येच रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणारा छळ समाविष्ट केला आहे, आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटातील छळ त्यातून सुटत नाही. मुलाला 'सरळ' करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडे पालकांनी जाऊ नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. वृत्तपत्रांनी खंडणीच्या बातमीत फिर्यादीची गल्ली आणि नोकरी छापणे थांबवावे, कारण एवढ्यावरून नाशिकसारख्या शहरात माणूस ओळखू येतो.

पैसे उकळले गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, कारण जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. मन खचले असल्यास टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. वाचून झाल्यावर हे पत्रक टाकून न देता महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, वाचनालयात किंवा सोसायटीच्या त्याच व्हॉट्सअॅप गटावर लावावे, ही नाशिककरांना विनंती.