केरसुणी, पोलीस आणि हक्कसोड

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जुंपतो. १९७३ साली पेरू देशात एका बाईने हीच वस्तू नाटकात अशी काही चालवली, की रंगभूमीचा एक नवा प्रकारच जन्माला आला.

ऑगस्तो बोआल हा ब्राझीलचा दिग्दर्शक. तिथल्या लष्करी राजवटीने १९७१ मध्ये त्याला पकडलं, त्याचा छळ केला. पुढे त्याला देश सोडावा लागला. पेरूमध्ये तो सरकारी साक्षरता मोहिमेसाठी नाटकं करत होता. लोकांनी अडचण सांगायची, नटांनी ती करून दाखवायची आणि पुढे काय व्हावं ते प्रेक्षकांनी सुचवायचं, अशी पद्धत. एका बाईने आपली अडचण मांडली. तिचा नवरा घरासाठी म्हणून तिच्याकडून पैसे न्यायचा आणि पावत्या म्हणून कागद आणून द्यायचा. तिला वाचता येत नव्हतं. शेजारणीकडून वाचून घेतले, तर ती त्याच्या प्रेयसीची पत्रं निघाली! आता तो घरी येणार, तर काय करू? कोणी म्हणालं रड, कोणी म्हणालं घर सोड, कोणी म्हणालं त्याला दाराबाहेर ठेव. प्रेक्षकांतल्या एका थोराड बाईला यातलं काहीच पसंत नव्हतं. तिचं म्हणणं, त्याच्याशी एकदा स्पष्ट बोलावं आणि मग माफ करावं. नटीने स्पष्ट बोलून दाखवलं. बाईला पटेना. आणखी स्पष्ट बोलून दाखवलं, तरी बाई मान हलवतच राहिली. शेवटी वैतागलेला बोआल तिला म्हणाला, तूच ये आणि दाखव. बाई वर आली, केरसुणी उचलली आणि नवरा झालेल्या नटाला यथेच्छ झोडपलं. मग शांतपणे खुर्चीत बसली, त्याला माफ केलं आणि माझं जेवण वाढून आण म्हणून स्वयंपाकघरात पिटाळलं.

प्रेक्षकाच्या मनातलं ‘स्पष्ट बोलणं’ नटाला कधीच नेमकं करता येत नाही, त्यासाठी प्रेक्षकालाच वर बोलवावं लागतं, हे बोआल त्या दिवशी शिकला. फोरम थिएटर म्हणतात ते यातूनच आलं. आपल्याकडे हे सहजासहजी रुजणार नाही. दुसऱ्या अंकात डोळे पुसायचे आणि मध्यंतरात बटाटावड्याच्या रांगेत उभं राहायचं, ही आपली जुनी आणि लाडकी रीत. रडून हलकं वाटतं यात शंका नाही. पण हलकं वाटलं म्हणजे काही बदललं असं नव्हे, आणि बोआलचा राग नेमका या हलकेपणावर होता.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग नाटकाने बरी होणारी माणसं आणि हलणारा समाज यांवर आहे. मजकूर जमवताना एक गोष्ट आम्हाला सारखी टोचत होती. पीडित माणूस रंगमंचावर येतो, आपली कहाणी सांगतो, सभागृह हुंदके देतं, टाळ्या पडतात, अशा हकिगतींचा ढीग जमला. यात बरं नक्की कोण झालं? आम्हाला वाटतं, बहुतेक वेळा प्रेक्षक. सांगणाऱ्याला दर प्रयोगाला तीच खपली पुन्हा काढावी लागते. हल्ली दोन दिवसांच्या ‘थिएटर थेरपी’ शिबिरांत लोकांना धो धो रडवतात आणि रविवारी संध्याकाळी प्रमाणपत्र हातात देऊन घरी धाडतात. सोमवारी त्या माणसाजवळ कोण असतं?

माणूस मोकळा होतो तो अनेकदा दुसऱ्याच्या भूमिकेत शिरल्यावर. मानसोपचारात नाटक आणणाऱ्या जेकब मोरेनोच्या सायकोड्रामात भूमिकांची अदलाबदल फार महत्त्वाची. बापाने मारलेला मुलगा थोडा वेळ बापाच्या जागी उभा राहतो आणि त्या जागेवरून स्वतःकडे बघतो.

अहमदाबादच्या छारानगरात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांतले हे छारा लोक. अशा जमातींना डांबून ठेवायची सेटलमेंट म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. तशीच ही तारेच्या कुंपणातली वस्ती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिसांच्या डोक्यातून गेला नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात अशाच दुसऱ्या जमातीतला बुधन शबर हा तरुण कोठडीत मेला. त्याच वर्षी लेखिका महाश्वेता देवी, भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि आपले ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एक मंच उभा केला. महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्या पुढाकाराने छारानगरात वाचनालय सुरू झालं होतं. तिथे येणाऱ्या पोरांनी ३१ ऑगस्टला ‘बुधन’ हे नाटक केलं.

बुधन त्यांच्या जातीचा नव्हता, भाषेचा नव्हता, राज्याचाही नव्हता. म्हणूनच बहुधा त्याचं मरण त्यांना करता आलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्या पोरांनी लहानपणापासून घरात शिरलेले पोलीस पाहिले होते, त्यांच्यातल्याच काहींना पोलीस व्हावं लागलं. लाथ कशी मारायची, शिवी कुठल्या पट्टीत द्यायची, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आजवर जे अंगावर पडत आलं, ते इथे त्यांच्या हातात आलं. हवं तिथे थांबवता येतं, पुन्हा पहिल्यापासून करता येतं, आणि तालमीत त्यावर हसताही येतं.

पुण्यात दिग्दर्शक अतुल पेठे यांनी २०१२ मध्ये गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ महापालिका कामगार युनियनच्या सफाई कामगारांना घेऊन केलं. त्यांच्या कामातल्या घाणीवर, हालांवर पेठ्यांनी आधी ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला होता. नाटकात मात्र कामगारांना घाणीविषयी बोलायला लावलं नाही, जोतीराव फुल्यांच्या काळातल्या पुण्यात नेऊन उभं केलं. जे रस्ते ते झाडतात, त्यांचाच इतिहास ते शहराला सांगू लागले. खुद्द जोतीरावांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं, तेव्हा दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं होतं. त्या नाटकात भटजीकडून नाडलेलं कुणबी जोडपं शेवटी शाळेची वाट धरतं. रडून संपत नाही, एवढं त्यात महत्त्वाचं.

याने समाज बदलतो का? कामगार दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हजेरी कोठीवरच गेले. ‘बुधन’ला २० वर्षं होत आली असताना, जुलै २०१८ मध्ये छारानगरवर रात्री छापा पडला आणि पोलिसांनी मारहाण, मोडतोड केल्याचे आरोप वस्तीने केले. दुसरीकडे, रिओच्या नगरपालिकेत १९९३ ते १९९६ या काळात ब्राझीलला परतलेला बोआल नगरसेवक होता, तेव्हा वस्त्यांतल्या नाटकांतून निघालेल्या सूचनांचे १३ कायदे झाले. म्हणजे नाटकाच्या शेवटी कायदा करणारा कोणीतरी बसलेला असावा लागतो. तो नसेल, तर उरतं ते एवढंच, की पुढच्या छाप्याच्या वेळी वस्तीत बोलता येणारी, नाटक-सिनेमा करणारी, वकिली करणारी पोरं असतात. आम्ही याला कमी लेखत नाही.

या अंकात शेवटी एक छोटी संहिता आहे. प्रसंग भाऊबीजेचा. बहीण माहेरी आली आहे, ओवाळणं झालं आहे, ताटात ओवाळणी पडली आहे आणि भाऊ खिशातून हक्कसोडपत्राचा कागद काढतो. दिवाळीनंतर रजिस्ट्रार कचेरीत जायचं आहे, नुसती सही करायची आहे, माहेर तर तुझंच आहे ना! वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, असा कायदा २००५ मध्ये झाला. तरी हा कागद गावोगाव निघतो आणि सह्या होतात. पुढचा प्रवेश आम्ही छापलेला नाही. बचत गटात, सोसायटीच्या गच्चीवर, शाळेच्या पटांगणात हवा तसा पूर्ण करा. परवानगी नको, मानधन नको. भावाचं काम मात्र सही करून आलेल्या एखाद्या बहिणीला द्या.